वस्तादांचा खुराक

"घ्या मामा, आता नखरे नकोत," म्हणून मी पेला तोंडाजवळ नेला आणि मामांनी रोजच्यासारखा डाव्या हातानं तो माझ्याकडं ढकलला. निम्मं दूध माझ्या साडीवर सांडलं. सकाळची माझी पहिली अंघोळ ही अशी दुधानं व्हायची. एवढी श्रीमंती आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाची नव्हती.

"बघा, सांडलं की! तालमीतली पोरं पहाटे उठून आणून देतात तुमच्यासाठी."

मामांनी माझ्याकडं बघितलं. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, पण नजर अजून पहिलीच होती. काहीतरी म्हणायला ओठ हलले, शब्द काही निघाला नाही. मग ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. म्हातारं रुसलं, असं मनात म्हणत मी उरलेलं दूध चमच्या-चमच्यानं भरवलं आणि पुढच्या कामाला लागले.

मामा म्हणजे माझे सासरे, आदाप्पा वस्ताद. पंचगंगेकाठच्या आमच्या गावात त्यांनी हयातभर तालीम चालवली. ते नुसते आखाड्याच्या काठावर येऊन उभे राहिले तरी पोरं न सांगता चार बैठका जास्त मारायची. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा वर्षभर त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती. आणि आता त्यांना उठवणं, बसवणं, पुसणं, भांडं देणं सगळं माझ्याकडं. सासूबाई कधीच्या गेल्या होत्या. नवरा, सुकुमार, साखर कारखान्यात वजनकाट्यावर. थोरले दीर पुण्याला. ते सणाला यायचे, वडिलांच्या पायावर डोकं ठेवून रडायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे.

मामांना लकव्याचा झटका आला त्या आठवड्यात मी सूतगिरणीतली नोकरी सोडली. कुणी सोड म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. घरात बाई असताना दुसरं कोण करणार, हे सगळ्यांना पाठ होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होतं. पण सेवेची मला काही हौस नव्हती. मला माझी गिरणी आवडायची. केसांत कापूस अडकायचा, कान बधिर व्हायचे, तरी आवडायची. पगार झाला की स्टँडवर उतरून मी गजरा घ्यायचे, कुणाला न विचारता. नोकरी सुटली आणि सेफ्टी पिन घ्यायची तरी सुकुमारपुढं हात पसरायची वेळ आली. तो कधी नाही म्हणायचा नाही. पण किती, कशाला, एवढं तरी विचारायचाच, आणि तेवढंच मला लागायचं.

बाहेरून बघणाऱ्याला मात्र आमच्याकडं सगळा आनंदीआनंद होता. वस्ताद आजारी पडले म्हटल्यावर गावानं हात आखडता घेतला नाही. आणि पैलवानांच्या गावाला मदतीची एकच रीत माहीत. खुराक! रोज सकाळी चरवी भरून दूध. आठवड्याला तूप. कोल्हापूरहून कोण आलं की बदाम, खारीक, खसखस. दौलू पैलवान, म्हणजे मामांचा सगळ्यात लाडका पठ्ठ्या, जो आता तालीम बघायचा, तो स्वतः तुपाची बरणी घेऊन यायचा आणि "वस्ताद, पाया पडतो" म्हणून कोनाड्यात ठेवून जायचा.

"दौलू भावजी, डॉक्टरांनी तूप बंद सांगितलंय," मी एकदा म्हणाले.

"वैनी, डॉक्टरला काय कळतंय? तुपावर तर वस्तादांनी महाराष्ट्र लोळवला."

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. मी बासुंदी केली, खवा केला, शेजारीपाजारी दही वाटलं. ताक तर तालमीतच परत पाठवायचे, आखाड्याच्या लाल मातीत घालायला. शेजारणी म्हणायच्या, "सुमती, तुझं बाई बरं आहे, दुधातुपात लोळतेस." आणि दुधातुपात लोळणाऱ्या या घरात मामांचे डायपर घ्यायला महिन्याच्या शेवटी पैसे उरत नव्हते. जुन्या धोतराच्या घड्या करून मी वेळ मारून न्यायचे.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे मॅडम बंद झाल्या. जयसिंगपूरहून एक फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या. त्यांनी मामांचा पाय हलवून बघितला आणि म्हणाल्या, "हे पैलवानाचं शरीर आहे, मन घातलं तर काठी घेऊन चालतील. पण व्यायाम खंडू द्यायचा नाही." आम्ही पहिल्या महिन्यातच खंडू दिला, कारण त्यांची फी परवडेना.

तेव्हा मी तूप विकलं.

स्टँडजवळ शकीलाभाभीची खानावळ होती. तिला चांगलं तूप हवंच होतं. मी बरणी पदराखाली झाकून न्यायचे आणि येताना पैसे कमरेला खोचून आणायचे. मॅडम परत यायला लागल्या, दुपारच्या, सुकुमार कामावर असताना. हे मला आणि मामांना दोघांनाच ठाऊक. मॅडमनी शिकवलं आणि मामांनी त्यात आपलं घातलं. त्यांना उठवताना मी वाकले की ते माझ्या पाठीवर चापट मारायचे आणि कसेबसे म्हणायचे, "गुड...घा." म्हणजे कंबरेतून वाकू नको, गुडघ्यात वाक. त्यांच्या कमरेला धोतराचा पिळा बांधायचा, तो धरायचा, माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायचा आणि दोघांनी एकदम श्वास सोडायचा. पोरांना डाव शिकवावा तसं त्यांनी मला हे शिकवलं. एका दुपारी ते क्षणभर माझ्या आधाराशिवाय उभे राहिले. मी ओरडलेच. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

पण चोरट्या तुपावर घर चालत नसतं. महिना संपायच्या आत पैसे संपायचे. त्यातच गिरणीतून निरोप आला. मास्तरांनी सांगून पाठवलं होतं, नवीन पाळी सुरू होतेय, सुमतीला म्हणावं सोमवारपासून ये, नाहीतर जागा दुसरीला देतो. त्याच आठवड्यात पुण्याहून दिरांचा फोन. मिरजेजवळ एक संस्था आहे, आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेतात, नाव नोंदवतो म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी जेवणं उरकल्यावर सुकुमार हात धूत धूत म्हणाला, "तू जा कामाला. दादा म्हणतोय तसं करू. तुझा तरी किती जीव काढायचा?"

"तिथं व्यायाम करून घेतील का?"

"विचारायला पाहिजे."

"मामांना कोण सांगणार?"

तो टॉवेलानं हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरसुद्धा. सुकुमारचं वडिलांशी कधी फार बोलणं नव्हतं. त्याला कारण होतं. तालमीत एक नियम होता, मामांनीच घालून दिलेला. खुराक लढणाऱ्याचा. संध्याकाळी सराव झाला की गावाच्या पैशातनं पोरांना बदामाचं दूध मिळायचं आणि प्रत्येकानं ते वस्तादांसमोर पिऊन पेला पालथा करून दाखवायचा. म्हणजे कुणी टाकायला नको आणि कुणी मागं ठेवायला नको. सुकुमारला सोळाव्या वर्षी खांद्याला लागलं आणि त्यानं कुस्ती सोडली. त्याच संध्याकाळी मामांनी रांगेतून त्याचा पेला काढून घेतला, सगळ्यांदेखत. "मान पायजे तर काठावर बस. खुराक पायजे तर मातीत उतर." सुकुमार हे हसत हसत सांगायचा, पण शेवटी हसायचा थांबायचा.

रविवारी सकाळी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. दौलू पैलवान आला, मागं तालमीतले दोघे. नेहमी चप्पल काढून थेट आत जाणारा माणूस दारातच उभा राहिला.

"वैनी, काल शकीलाभाभीकडं शिरा खाल्ला."

"बरा होता का?"

"लई बरा हुता. म्हणून इचारलं, तूप कुठलं. तर म्हणाली, वस्तादांच्या घरचं."

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. शकीलाभाभीचं काही चुकलं नव्हतं. चांगल्या तुपाचं घर सांगण्यात तिला भूषणच वाटणार. कुणाला सांगू नकोस, हे मीच तिला बोलले नव्हते.

"इकलं तुमी? वस्तादांचा खुराक इकला?"

"विकला."

मी नाही म्हणेन, रडेन, पाया पडेन, असलं काहीतरी त्याला वाटलं असावं. तो गडबडला. "गावानं इश्वासानं दिलेलं..."

"गावानं विश्वासानं दिलं आणि डॉक्टरनं बंद केलं. मग मी काय करू भावजी? तुपानं भिंती सारवू?"

मागचा एक पोरगा फिस्कन हसला. दौलूनं मागं बघितलं तसा तो आकाशाकडं बघायला लागला. आवाज ऐकून सुकुमार बाहेर आला. त्याला सगळं कळायला वेळ लागला नाही, आणि त्याचा चेहरा उतरला.

"सुमती, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. म्हणून नाही विचारलं."

"पैशाचं काय केलं वैनी?" दौलू.

"दागिने केले! बघा की," मी माझे दोन्ही हात पुढं केले. हातात काचेच्या बांगड्या होत्या, त्यातली एक चिरलेली. "मॅडमची फी दिली. मामांचा व्यायाम करून घेतात त्या. आठवड्यातून दोनदा येतात. मामा उभे राहतात आता."

"उभं ऱ्हात्यात?" त्याचा आवाज एकदम बदलला. मग पुन्हा गावचा कारभारी त्याच्या अंगात आला. "तसं हुतं तर पैसं मागायचं हुतं. आमी न्हाई म्हणालो असतो व्हय?"

"काय म्हणून मागायचं? सासऱ्याचं करते म्हणून?"

तो अडला. पैलवान माणूस, खोटं पटकन सुचत नाही. "सासऱ्याची सेवा करायला सुनंनं पैसं घ्यायचं... गाव काय म्हणंल वैनी? सेवा ती सेवा."

"मग तुम्ही करा की सेवा. मी कुठं अडवलंय?" मला राग आवरेना. कितीतरी महिन्यांचं साचलेलं होतं. "गिरणीत मी तेच हात वापरायचे, त्याला पगार होता. तेच हात घरात वापरले की फुकट. वर उपकार कुणाचे, तर दुधाच्या चरवीचे! उद्या सोमवार आहे. मी उद्यापासून कामाला निघाले. मामांना मिरजेला ठेवायचं ठरलंय. आता तुमचं तूप तिकडं पोचवा."

बोलून गेले आणि लक्षात आलं, खिडकी उघडी आहे.

आतून खाटेवर थाप पडली. एकच, मोठी. मी ती थाप पूर्वी ऐकली नव्हती, पण दौलूनं ऐकली होती. जन्मभर. तालमीत त्या थापेवर चालू कुस्ती थांबायची. तो चप्पल काढून आत पळाला, मागं पोरं, मागं आम्ही.

मामा कुशीवर झाले होते. डोळे लाल. मिरजेचं त्यांना आताच कळलं होतं, तेही असं, भांडणात. त्यांनी माझ्याकडं नाही, दौलूकडं बघितलं.

"उठ...व."

दौलू पुढं झाला. केवढा मोठा गडी, त्याला काय अवघड! त्यानं काखेत हात घालून उचललं आणि मामा कळवळले. दुखरा खांदा ओढला गेला होता.

"सोडा, सोडा. खांद्याला धरू नका," मी म्हणाले. "धोतराचा पिळा धरा. गुडघा टेकवा त्यांच्या गुडघ्याला. अहो, कंबरेतून वाकू नका, उद्या तुम्हीच आडवे व्हाल."

दौलूनं सांगितलं तसं केलं. दोनदा जमलं नाही. लकव्याचं अंग उचलायला वेगळंच असतं, निम्मं आपलं ऐकतं आणि निम्मं नाही. तिसऱ्यांदा मामा उभे राहिले, दौलूच्या छातीला टेकून. दौलूच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांतही पाणी होतं. वस्तादांना उभं राहिलेलं त्यानं आठ-नऊ महिन्यांत बघितलं नव्हतं.

बसवल्यावर मामांनी बोट वर करून विचारल्यासारखं केलं. "रोज... किती?"

"रोज असं किती येळा उठवता वैनी?" दौलूनं मला विचारलं.

"मोजलं नाही कधी. लागेल तेवढ्यांदा."

मामांनी कोनाड्याकडं हात केला. तिथं दुधाचा पेला होता, सकाळचा राहिलेला. इतक्या गोंधळात यांना भूक लागली, म्हणून मी तो आणला आणि तोंडाशी नेला. त्यांनी रोजच्यासारखा माझ्याकडं ढकलला.

"सांडेल मामा. आता तरी रुसू नका."

पुन्हा ढकलला. पेला माझ्या छातीला लागला. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला, कुस्तीआधी घ्यावा तसा, आणि एकेक शब्द उपसून काढला.

"लढ...तंय... कोण?"

दौलू माझ्याकडं बघत होता, मी पेल्याकडं. पहिल्यांदा कळलं ते सुकुमारला. ज्याचा पेला त्या नियमानं गेला होता, त्याला कळणारच. तो उंबऱ्यावर खाली बसला आणि हळूच म्हणाला, "खुराक लढणाऱ्याचा."

मामांनी मान हलवली.

रोज सकाळी ते पेला ढकलत होते. रोज. आणि मी म्हणत होते, म्हातारं रुसतंय, हट्ट करतंय, दूध सांडतंय. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून ते हातानं सांगत होते, आधी तू घे. या घरात येऊन मला बारा वर्षं झाली होती. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलं तर माझं, ही माझी सवय. मला आधी घे म्हणणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"पण वस्ताद," दौलू चाचरत म्हणाला, "घरच्या बाईला... गाव काय म्हणंल?"

मामांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा पंधरा वर्षांचा झाला. "तू... गावाचं... खाल्लंस. लाज... वाटली?"

"न्हाई वस्ताद."

"मग?"

दौलूनं माझ्याकडं वळून दोन्ही हात जोडले, खेडवळ पैलवानानं जोडावेत तसे, कपाळापर्यंत. "प्या वैनी. वस्ताद सांगायलेत."

सगळ्यांच्या देखत, सासऱ्यांसमोर, नवऱ्याआधी, उभ्यानं मी ते गार झालेलं दूध प्याले. मामा शेवटच्या घोटापर्यंत बघत होते. संपल्यावर मी पेला ठेवायला लागले, तर त्यांनी डाव्या हाताचा पंजा उलटा करून दाखवला. पालथा कर.

मी पेला पालथा केला. एक थेंब जमिनीवर पडला.

"शाब्...बास," मामा म्हणाले. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसली.

त्या दिवशी दौलू आमच्या कट्ट्यावर बराच वेळ बसला. तालमीच्या मालकीचे स्टँडजवळ गाळे होते, त्यांच्या भाड्यातून खुराकाचा खर्च चालायचा. शेवटी तो म्हणाला, "वैनी, दूध-तुपाला जेवढं जातंय तेवढं दर महिन्याला तुमच्या हातात. गिरणीएवढं न्हाई व्हणार, आदीच सांगतो. पर सकाळी उठवाय-बसवाय दोन पोरं पाठवतो. त्यास्नी तुमी शिकवा."

"माझ्या हातात म्हणजे माझ्याच हातात."

"तिच्याच," सुकुमार म्हणाला. मग तो उठून फोनकडं गेला आणि पुण्याला फोन लावला. "दादा, मिरजेचं राहू दे. आपल्या अप्पांनी खुराक लावलाय सुमतीला. तुझा वाटा दर महिन्याला तिच्या नावानं पाठव." सेवेचे पैसे म्हटलं असतं तर दिरांना राग आला असता. पण तेही त्याच तालमीच्या रांगेत पेला पालथा करून मोठे झाले होते. "कधीपासून पाठवू?" एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी मी गिरणीत गेले नाही. मास्तरांना निरोप धाडला, जागा द्या दुसरीला, पण मला विसरू नका.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला दौलू दारात आला आणि आत न येता ओरडला, "पैलवान हायत का घरात? खुराक आलाय!" सगळी गल्ली बाहेर आली. मी पाकीट घेतलं. एकदोघी कुजबुजल्या, सासऱ्याच्या जिवावर पगार खाते. मी म्हणाले, "या की, एक दिवस तुम्हीही या कुस्तीला, अर्धा खुराक तुमचा." कुणी आलं नाही. त्या पैशातून मी मॅडमची फी दिली, डायपर आणले, आणि स्टँडवर जाऊन एक गजरा घेतला. कुणी किती म्हणून विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामा काठी टेकत तालमीच्या काठावर जाऊन बसले. दोन्ही बाजूला दोन पोरं होती, पण हात कुणाचा धरला नव्हता. मी परत गिरणीत गेले, माझ्या पाळीच्या वेळी तालमीतली पोरं मामांजवळ थांबायची. मामा त्यानंतरही बरीच वर्षं होते, आणि शेवटपर्यंत सकाळचा पहिला पेला माझा आणि दुसरा त्यांचा. उलटं झालेलं त्यांना चालायचं नाही.

ते गेल्यावर महिना पालटला आणि दौलू पाकीट घेऊन दारात उभा. मी म्हणाले, "भावजी, आता कुस्ती संपली की."

"तुमची संपली. गावात दुसऱ्या चालू हायत. कुणाला द्यायचा ते आता तुमी सांगायचं," तो म्हणाला.

पहिला खुराक मी शकीलाभाभीला द्यायला सांगितला, तिच्या थोरल्या मुलीला चालता येत नव्हतं म्हणून. मग आणखी काहींना. कुणी ऐकून घेतलं, कुणी अपमान समजून दार लावलं. तिथं मी पुन्हा गेले.

परवाच शाळेतल्या जुन्या देशमाने मास्तरांकडं गेले होते. मास्तर सत्तरीचे, बायकोला आता काही आठवत नाही, नवऱ्यालासुद्धा ती कधी कधी ओळखत नाही. मास्तर स्वयंपाक करतात, तिची वेणी घालतात, ती रस्त्यावर जाऊ नये म्हणून दारात खुर्ची टाकून बसतात. मी दूध घेऊनच गेले होते. पेला पुढं केला तर त्यांनी तो बायकोकडं सरकवला.

"तिला द्या सुमतीबाई. मी काय पैलवान आहे का?"

"मास्तर, लढतंय कोण?"

ते माझ्याकडं बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली मान घालून ते सगळं दूध प्याले आणि पेला ठेवायला लागले.

"तसा नाही," मी म्हणाले. "पालथा करून दाखवा."